कोलनवॉटरच्या गावाहून

रात्रीची गाडी, क्योल्न ते व्हिएन्ना
१४ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

ज्या गावात ओळखीचे कोणी नाही आणि जिथे मुक्कामही करायचा नाही, तिथे दिवसभर उतरून तुम्ही दोघी करणार तरी काय, असे आईने आज सकाळी फोनवर विचारले होते. स्टेशनातल्या गोंगाटात मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून आता बर्थवर बसून हे पत्र लिहीत आहे. उंच मुलगी (आई, तू तिला ठेवलेले हे नाव आता प्रवासातही रूढ झाले आहे) वरच्या बर्थवर केव्हाच झोपली आहे आणि तिचे पाय नेहमीप्रमाणे बाहेर आले आहेत.

आधी बाबांसाठी हिशेब. अॅमस्टरडॅमहून व्हिएन्नाला जाणारी रात्रीची गाडी जर्मनीतल्या क्योल्नवरूनच जाते. ती अॅमस्टरडॅमलाच पकडण्याऐवजी आम्ही सकाळच्या गाडीने पावणेतीन तासांत क्योल्नला आलो आणि रात्रीची गाडी इथून घेतली. आमच्याकडे रेल्वेचा पास असल्यामुळे मध्ये उतरण्याचा वेगळा खर्च आला नाही, फक्त बर्थच्या आरक्षणाचे पैसे पडले. पाठीवरच्या पिशव्या स्टेशनातच ठेवल्या. तिथे सामानाची कपाटे दिसतच नाहीत; भिंतीतली एक झडप उघडते, आत पिशव्या ठेवून पैसे भरले की ती बंद होते आणि सामान जमिनीखाली कुठेतरी निघून जाते. हातात उरते ते एक कार्ड. आमच्या सगळ्या चीजवस्तू त्या भिंतीने गिळल्यावर आम्ही दोघी काही क्षण तिथेच उभ्या राहिलो. पासपोर्ट मात्र पोटाशी बांधलेल्या पिशवीतच होते, त्यामुळे आईने काळजी करू नये.

स्टेशनाच्या दाराबाहेर पाऊल टाकले की समोर गावातले मोठे चर्च उभे राहते. ते दुरून हळूहळू जवळ येत नाही, एकदम अंगावर येते, आणि त्याचे १५७ मीटरचे मनोरे पाहताना मान दुखू लागते. बाबा, तुम्ही सारे आयुष्य बांधकामात घालवलेत, म्हणून हे खास तुमच्यासाठी लिहिते. या इमारतीचा पाया १२४८ साली घातला, सोळाव्या शतकात काम थांबले, १८४२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये पूर्ण झाले. मधल्या काळात दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवण्याची लाकडी यारी तीनशेहून अधिक वर्षे तशीच उभी होती. त्याहून मोठी गंमत म्हणजे मूळ नकाशाच गहाळ झाला होता. दर्शनी भागाच्या त्या आराखड्याच्या चर्मपत्राचा एक अर्धा १८१४ साली डार्मश्टाट गावात सापडला, दुसरा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये, आणि मग मध्ययुगातल्या त्याच नकाशाबरहुकूम मनोरे उभे राहिले. तुमच्या खात्यात एखादी फाइल सापडत नसे तेव्हा घरी जे वातावरण असे, ते आठवून मला हसू आले.

दुसऱ्या महायुद्धात हे शहर बॉम्बहल्ल्यांनी जवळजवळ भुईसपाट झाले. चर्चवरही बॉम्ब पडले, तरी ते उभे राहिले. आजही त्याला कुठे ना कुठे परांची बांधलेली असते, कारण चर्चची स्वतःची कार्यशाळा आहे आणि तिथले पाथरवट, काचकाम करणारे आणि सुतार वर्षभर झिजलेले दगड बदलत असतात. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या आम्ही चढलो. शेवटच्या शंभरांविषयी मी काही लिहीत नाही.

जेवणाची हकिगत थोडक्यात सांगते. एका जुन्या खाणावळीच्या यादीत ‘हाल्वर हान’ नावाचा पदार्थ होता, ज्याचा शब्दशः अर्थ अर्धा कोंबडा. मी अर्थातच पुढची ओळ वाचू लागले, तेव्हा वाढणाऱ्या काकांनी हसून सांगितले की, यात कोंबडा अजिबात नसतो. राय नावाच्या धान्याचा काळसर पाव, चीजची जाड चकती, मोहरीची चटणी आणि कांदा, इतकेच त्यात असते. शाकाहारी माणसाची अशी उलटी फसवणूक आयुष्यात प्रथमच झाली. उंच मुलीने तिथली स्थानिक बिअर मागवली. ती लहानशा पेल्यात देतात, आणि पेला संपला की न विचारता दुसरा आणून ठेवतात; पुरे झाले हे सांगण्यासाठी पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवावी लागते. तिला हे जरा उशिरा समजले. मी सफरचंदाचा रस प्यायले, हे आपले नोंदीसाठी.

नंतर आम्ही ऱ्हाईनच्या काठाने चालत होतो. जुन्या गावाच्या धक्क्यावर घड्याळासारखी तबकडी असलेला एक छोटा मनोरा आहे, पण त्याचे काटे वेळ दाखवत नाहीत, नदीच्या पाण्याची पातळी दाखवतात. लहान काटा मीटर दाखवतो, मोठा काटा मीटरचा दहावा भाग. पावसाळ्यात भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी ‘आयर्विनला किती आहे?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढले, हाच प्रश्न असलेल्या सांगलीत मी वाढले, त्यामुळे त्या तबकडीपुढून माझा पाय निघेना. इथे डिसेंबर १९९३ मध्ये १०.६३ मीटर आणि तेरा महिन्यांनी, जानेवारी १९९५ मध्ये, १०.६९ मीटर पाणी चढून जुने गाव बुडाले होते. त्यानंतर पूर येण्याची चिन्हे दिसताच काठावर उभ्या करता येतील अशा सुट्या भिंती त्यांनी करून घेतल्या. २०१९ च्या पुरातल्या आपल्या ५७ फुटांशी हे आकडे ताडून पाहू नयेत, कारण शून्य कुठे धरले आहे ते महत्त्वाचे, हे बाबा मला लगेच सांगतील. मी ताडून पाहिलेच. त्या वर्षी गच्चीवर काढलेले ते तीन दिवस मी उंच मुलीला प्रथमच सविस्तर सांगितले, आणि ती नेहमीसारखी मध्ये बोलली नाही.

आता आईसाठी. आपल्या फडताळातल्या वरच्या फळीवर असलेली आणि आम्ही हात लावायचा नाही अशी ती युडिकोलनची बाटली तुला आठवत असेल. आजी तिला ‘उडीकोलम’ म्हणत असे. चौथीत असताना मला ताप आला होता, तेव्हा तू रात्रभर बशीतल्या पाण्यात तिचे चार थेंब टाकून हातरुमालाची घडी माझ्या कपाळावर बदलत होतीस, आणि मला त्या आजारातले त्या वासाखेरीज काहीही आठवत नाही. त्या नावातले कोलन म्हणजे हेच क्योल्न, हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत कधी जुळलेच नव्हते. युडिकोलन म्हणजे मुळात फ्रेंच ‘ओ द कोलोन’, आणि ‘कोलनचे पाणी’ एवढाच त्या शब्दांचा अर्थ आहे.

योहान मारिया फारिना नावाच्या, इटलीहून येऊन इथे स्थायिक झालेल्या माणसाने अठराव्या शतकाच्या आरंभी हे सुगंधी पाणी तयार केले. त्याच्या घराण्याची पेढी १७०९ सालापासूनची आहे. नंतर इतर अनेकांनीही ते करायला घेतले आणि त्यातले एक दुकान ‘४७११’ या नावाने प्रसिद्ध झाले. शहर फ्रेंच सैन्याच्या ताब्यात असताना घरांना जे क्रमांक दिले गेले, त्यातला हा त्या घराचा क्रमांक. तिथे एका छोट्या कारंज्यातून पाण्याऐवजी कोलनवॉटरच वाहते आणि येणारे त्यात बोटे बुडवतात. मीही बुडवली. पूर्वी लोक हे औषध म्हणून पोटातही घेत असत, परंतु १८१० साली नेपोलियनच्या राजवटीत औषधांचे घटक उघड करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा आपली कृती गुप्त राखण्यासाठी हे औषध नसून केवळ सुगंध आहे, असे बनवणाऱ्यांनी जाहीर केले. सांगलीत मात्र ते पुढे कितीतरी वर्षे औषधच राहिले, आणि स्पिरिट उडून जाताना कपाळ गार होते एवढ्यापुरते तुझे शास्त्र बरोबरही होते.

आपली बाटली इथली नव्हती, मुंबईकडे कुठेतरी भरलेली असावी, आणि खरे सांगायचे तर इथला वास अगदी तसा नाही. यात लिंबू-संत्र्याचा अंश अधिक आहे. तरीही मी तुझ्यासाठी सर्वांत लहान बाटली घेतली आणि लोकरी मोज्यात गुंडाळून पिशवीच्या मधोमध ठेवली आहे. उंच मुलीचे म्हणणे असे की, अजून पाच गावे बाकी असताना काच वाहून नेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मोजे तिचेच आहेत.

सकाळी व्हिएन्नाला पोहोचल्यावर फोन करीनच. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये, आणि कृष्णेला सध्या पाणी किती आहे ते तेवढे कळवावे.

तुमची लेक