सिस्टर, पुस्तक कसं निवडायचं ते तुम्ही शिकवलंत

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात बरेच जण बोलले. कुणी कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गांची आठवण काढली, कुणी आजाऱ्यांच्या घरी तुम्ही जायचात त्याची. पुस्तकांचा विषय मात्र कुणी काढला नाही. तो मी काढायला हवा होता, पण माईक हातात घेऊन बोलणं मला जमत नाही. म्हणून हे पत्र. आणि ते उघडं लिहितेय, कारण ठाण्यात, वसईत, वाशी-नेरूळकडे माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. रोज थोडं वाचावं, ते प्रार्थनेला जोडून घ्यावं अशी त्यांची इच्छा असते, पण सुरुवात कुठून करायची ते सांगायला कुणी भेटत नाही. मला तुम्ही भेटलात.

माझं माहेर वसईचं. रोझरीची जपमाळ, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, मिस्सातली म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली गीतं, सगळं तोंडपाठ. घरात बायबल होतं, ‘सुवार्ता’ मासिकाचे अंक होते. भिंतीवर संतांच्या तसबिरी होत्या, पण या माणसांनी स्वतःच्या हाताने काय लिहून ठेवलंय याचा मला पत्ता नव्हता. ते वाचायची इच्छा झाली तेव्हा वांद्र्याला सेंट पॉल्सच्या दुकानात गेले. फळ्याच्या फळ्या भरलेल्या. ऑगस्टीन, तेरेसा, जॉन ऑफ द क्रॉस, शिवाय कितीतरी नवी नावं. मला जे हवं होतं ते त्यातलं नेमकं कुठलं, हे ठरवता येईना. म्हणून तुमच्याकडे यादी मागायला आले.

यादी तुम्ही दिलीच नाहीत. कॉन्व्हेंटच्या पार्लरमध्ये बसवून चहा दिलात आणि मलाच विचारत राहिलात. वाचणार कधी? सकाळी की रात्री? घरी जागा आहे का? सध्या प्रार्थना होते की नुसती म्हटली जाते? मी खरं ते सांगितलं: बँकेतून येऊन स्वयंपाक उरकला की रोझरीला बसल्या बसल्या डोळे मिटतात. तुम्ही उठलात आणि कपाटातून खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक आणलंत. लिझ्यूच्या संत तेरेझाचं आत्मकथन. 24व्या वर्षी, 1897 साली ती गेली आणि वर्षभराने हे पुस्तक निघालं. मठात प्रार्थनेच्या वेळी आपल्याला झोप लागते, हे तिने त्यात लपवलेलं नाही. मुलं जागी असोत की झोपलेली, आईबापांना ती तेवढीच लाडकी असतात, असं ती लिहिते. ते पान मी ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात वाचलं आणि घाटकोपर येईपर्यंत पुढचं पान उलटलंच नाही. ज्या संतेची मेणबत्ती लावत लहानाची मोठी झाले, ती माझ्याइतकीच दमत होती!

माझ्या हातात नेमकं तेच पुस्तक कसं पडलं, हे मला फार नंतर उमगलं. सगळ्यांत थोर पुस्तक कोणतं, याचा विचार तुम्ही केलाच नव्हता. समोर बसलेल्या बाईच्या आयुष्यात कोणतं बसेल, तेवढंच पाहिलंत.

पुढे तुम्ही संत फ्रान्सिस द सालचं नाव घेतलंत. जिनिव्हाचा बिशप. 1609मध्ये त्याने ‘फिलोथिया’ नावाच्या एका बाईला उद्देशून भक्तिजीवनाची ओळख करून देणारं पुस्तक काढलं. संसारात राहणाऱ्यांसाठी, मठातल्यांसाठी नव्हे. भक्ती कारागिराची वेगळी, विधवेची वेगळी, लग्न झालेलीची वेगळी, हे तो सुरुवातीलाच स्पष्ट करतो. रोज थोडं वाचा, आणि संतांनी स्वर्गातून आपल्याला पाठवलेली पत्रं आहेत असं समजून वाचा, असंही तो सांगतो. तेव्हापासून कुठलंही आध्यात्मिक पुस्तक हाती आलं की मी आधी बघते, हे लिहिलंय कुणासाठी? ‘ख्रिस्तानुकरण’ हे थॉमस ए केम्पिसचं मानलं जाणारं पुस्तक पंधराव्या शतकातलं, मठातल्या साधकांसाठी लिहिलेलं. जगापासून दूर राहण्याबद्दल त्यात जे आहे ते दोन मुलांच्या आईने जसंच्या तसं अंगावर घेतलं तर घर कोण बघणार? पण चौथा भाग कम्युनियनबद्दलचा, म्हणजे मिस्सात घ्यायच्या ख्रिस्तप्रसादाबद्दलचा आहे, छोटी छोटी प्रकरणं, रविवारी मिस्साला जाण्याआधी एक वाचावं असा. तो मी धरून ठेवला आहे.

एकदा तुम्ही पुस्तकाची पहिली दोन-तीन पानं उलटून बारीक अक्षरांवर बोट ठेवलंत. ‘निहिल ओब्स्टाट’, खाली ‘इम्प्रिमातुर’, त्याखाली बिशपचं नाव. मला वाटत होतं, ही म्हणजे पुस्तक उत्तम असल्याची ग्वाही. तुम्ही सांगितलंत, त्याचा अर्थ एवढाच की यात श्रद्धेला आणि नीतीला बाधक काही आढळलं नाही. ते तुझ्या कामाचं आहे की नाही, हे बिशप कुठून सांगणार? आपल्याकडे दर्शनांची, भाकितांची, अमक्या तारखेला काय होणार याची पुस्तिका कुणीतरी मिस्सानंतर हातात ठेवतं, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच येते. त्याबद्दल तुम्ही चिडला नाहीत की हसला नाहीत. चर्चने मान्य केलेली खाजगी दर्शनंसुद्धा श्रद्धेच्या ठेव्यात मोडत नाहीत, हे धर्मशिक्षणाच्या ग्रंथात 67व्या परिच्छेदात दाखवून दिलंत. मग म्हणालात, शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचून झालं की याला वेळ उरतो का बघ.

संत इग्नेशियसची गोष्ट मला सर्वांत जास्त उपयोगी पडली. 1521मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. घरी पडून असताना त्याने शूर सरदारांच्या कथा मागितल्या. घरात होतं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं. नाइलाजाने तीच वाचली. मग त्याच्या लक्षात आलं की लढाया आणि राजस्त्रिया यांच्या विचारात वेळ मजेत जातो, पण मागाहून मन कोरडं पडतं. संतांसारखं जगावं असा विचार केला तर तो सरल्यावरही मन प्रसन्न राहतं. तुम्ही म्हणालात, पुस्तक वाचताना काय वाटलं ते सोड, मिटल्यावर तासाभराने मन कसं आहे ते बघ. मी बघत आले. काही पुस्तकं वाचताना डोळ्यांत पाणी आणतात आणि नंतर मी घरच्यांवर खेकसते. काही अगदी सपाट वाटतात, पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर भांडणाऱ्या गिऱ्हाइकाशी नीट बोललं जातं. ही दुसरी पुस्तकं मी आता ओळखते. ब्रदर लॉरेन्सचं त्यातलंच. पॅरिसच्या मठात स्वयंपाकघर सांभाळणारा साधा ब्रदर, 1691मध्ये वारला, त्याची संभाषणं आणि पत्रं नंतर लोकांनी एकत्र केली. भांड्यांच्या आवाजात आणि चारजण चार गोष्टी मागत असतानाही तो देवाजवळ असे.

इग्नेशियसचंच ‘आध्यात्मिक साधना’ मी मागितलं तेव्हा मात्र तुम्ही ते परत कपाटात ठेवलंत. ते चार आठवड्यांच्या एकांतात, मार्गदर्शकाबरोबर करायचं असतं म्हणालात. आणि अविलाच्या संत तेरेसाचं सात दालनांच्या किल्ल्याचं पुस्तक थोडं थांबून. तिने स्वतःच सांगितलंय की 18 वर्षं, कम्युनियननंतरची वेळ सोडली तर, हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायची तिची हिंमत होत नसे. एवढ्या मोठ्या संतेला आधार लागत होता, हे ऐकून मला केवढा धीर आला!

पण या सगळ्यांच्या आधी, रोज, शुभवर्तमान. आणि तेही मराठीत. तुमचा हा आग्रह मला तेव्हा समजला नव्हता, कारण बाकीची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतच मिळत होती. फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि जुन्या मठवाशांची रीत शिकवलीत: आधी वाचणं, मग मनन, मग प्रार्थना, मग नुसतं शांत बसणं. मार्कचा दहावा अध्याय. आंधळा बार्तिमय येशूची हाक ऐकताच अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. मी त्या वस्त्रापाशीच अडकले. रस्त्यावर भीक मागणाऱ्याकडे तेवढंच तर असणार, आणि दिसत नसताना टाकलेलं वस्त्र परत सापडणार कसं? तो आठवडाभर मी पुढे वाचलं नाही. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, मग वाचू नकोस.

सिस्टर, तुमच्यामुळे माझी प्रार्थना बदलली. यासाठी तुमचे आभार कसे मानू? तुम्ही कितीतरी संध्याकाळी मला दिल्यात, स्वतःच्या प्रार्थनेची वेळ सांभाळून.

आमच्या झोनमधल्या, म्हणजे चर्चच्या आमच्या विभागातल्या, काही बायका आता दर पंधरवड्याला माझ्याकडे जमतात. येत्या प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, संत ऑगस्टीनचं ‘कन्फेशन्स’ घ्यायचं ठरलंय. पहिले नऊ भाग त्याच्या आयुष्याचे आहेत, ते निभतील. दहाव्यापासून तो स्मृती, काळ आणि बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात शिरतो. तिथे थांबावं की पुढे जावं? आमच्यात एक आजी आहेत, त्यांना सगळं वाचून दाखवावं लागतं, तेव्हा त्यांचाही विचार करून सांगा. उत्तराची वाट पाहते.

तुमची,
ठाण्याची एक वाचक