कलचट्टीला तडा: पैसे परत मिळणे आणि चुकीचे माहितीपत्रक मागे घेणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या दोन लिटरच्या सोपस्टोनच्या कलचट्टीला, म्हणजे मऊ दगडाच्या स्वयंपाकाच्या भांड्याला, पहिल्याच वापरात बुडापासून काठापर्यंत तडा गेला. बिल व फोटो सोबत जोडले आहेत. ‘चुकीची हाताळणी’ असे कारण देऊन आपण परतावा नाकारलात. हाताळणी आपल्याच पत्रकाबरहुकूम झाली होती.

पत्रक म्हणते, ‘सीझनिंग केलेले आहे. मोठ्या आचेवर दोन मिनिटे रिकामे तापवा. इंडक्शनवर चालते.’ हे वर्णन बिडाच्या तव्याचे आहे. दगड इंडक्शनवर तापतच नाही. आणि रिकामी कलचट्टी मोठ्या आचेवर ठेवली की बूड झपाट्याने तापते, काठ गारच राहतो, नि दगड उलतो. दगडाच्या शिरेत ओल असेल तर आणखी लवकर.

सीझनिंगही, म्हणजे वापरण्याआधी तेल-पेजेने भांडे मुरवणेही, झालेले नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर काळा रंग फडक्याला लागला आणि खाली करडा, कोरा दगड दिसला. मुरवलेल्या भांड्याचा काळेपणा असा निघत नाही. त्यासाठी एरंडेल आणि हळद आतबाहेर चोळून दिवसभर ठेवतात, धुऊन त्यात भाताची कोमट पेज रात्रभर ठेवतात आणि ती रोज बदलत चार-पाच दिवस हेच करतात. मग पेज भरूनच मंद आचेवर दहा मिनिटे, त्यानंतर मध्यम. एवढे करायला वेळ नसेल तर कोरे भांडे कोरे म्हणून विका, रंग कशाला?

मुख्य मुद्दा तड्याचा. आतल्या बाजूला, बुडाजवळ, नखाएवढी पट्टी बोटाला प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत लागते. सोपस्टोनवर सुरीचे टोक ओढले की पांढरी भुकटी निघते. या पट्टीवर निघत नाही. म्हणजे आधीचीच चीर लांबी (पुट्टी) भरून बुजवली आहे, आणि तडा नेमका तिथूनच सुरू झाला आहे. माल पाठवण्याआधी भांडे बोटाच्या पेराने वाजवून पाहिले असते तरी बद्द आवाजावरून चीर कळली असती.

मागण्या अशा: 15 दिवसांत पोस्टेजसह पूर्ण रक्कम परत करा. रंगात आणि लांबीत काय आहे ते लेखी कळवा, कारण त्यात अन्न शिजते. पत्रक मागे घेऊन नव्यात निदान एवढे छापा: तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये; साबणाऐवजी शिकेकाई किंवा बेसन वापरावे; आमटी पुरती शिजायच्या थोडी आधीच गॅस बंद करावा, कारण दगड उष्णता धरतो आणि आमटी पुढेही खदखदत राहते. हेच पत्रक मिळालेल्या इतर ग्राहकांनाही कळवा.

मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली जाईल. भांडे तसेच, न धुता ठेवले आहे. तपासणीसाठी आपल्या खर्चाने घेऊन जावे.

आपली ग्राहक