पद्मिनीला हात लावणाऱ्यांचे आभार

रत्नागिरीत भाड्याच्या घरात राहून जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार दुरुस्तीला खोलायची, तर आधी घरमालक भला लागतो. आमच्या घरमालक काकांनी मागचं खळं दिलं. अट एकच, जमिनीवर तेल सांडायचं नाही. काकू मात्र येताजाता विचारायच्या, "मेली चालणार कधी?"

खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा पार खाल्ला होता. पत्र्याचं काम करणाऱ्या दादांनी आधी पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी काढली, मगच वेल्डिंगला हात घातला. कुजका भाग कापून नवा पत्रा जोडला. वरून नुसती लांबी (खड्डे बुजवायचा लेप) फासायला साफ नकार. (असं 'नाही' म्हणणारा कारागीर मिळणं हेच भाग्य.)

सगळ्यात मोठे आभार मुंबईत टॅक्सी चालवून गावी परतलेल्या आजोबांचे. त्या १०८९ सीसीच्या इंजिनाचा आवाज ऐकूनच त्यांनी कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) तुंबल्याचं ओळखलं. स्टीअरिंगजवळच्या गिअरचा दांडाही त्यांनीच सरळ केला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र हक्काने मागून प्यायले.

पावसात ताडपत्री धरणारी वाडीतली पोरं, मुंबईहून एसटीच्या पार्सलने दारांचे रबर पाठवणारे अनोळखी गृहस्थ, तुम्हा सगळ्यांचे आभार.

थोडे रबर आणि गॅस्केट उरलेत. जवळपास कुणाची पद्मिनी उघडी पडली असेल, तर घेऊन जा.