पंधरा मिनिटांचा ख्याल तपासताना

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात शास्त्रीय गायनाचं परीक्षण आणि दुसऱ्या दिवशी दीड तासाची कार्यशाळा, अशी दोन्ही कामं तू घेतलीस, याचा मला फार आनंद झाला. मैफल तुला नवी नाही. परीक्षण मात्र वेगळं काम आहे, आणि तिथे आपलं चुकलं तर किंमत एकोणीस-वीस वर्षांचं पोर मोजतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नियमावली घरूनच वाचून जा. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांत शास्त्रीय गायनाला १५ मिनिटं आणि मांडामांडीला ५ मिनिटं आहेत, साथीला दोघं. गुण कशाला द्यायचे तेही लिहिलेलं असतं: स्वर, ताल, रागाची निवड, बंदिश आणि एकूण परिणाम. प्रत्येकाला किती गुण हे संयोजकांनी ठरवलं नसेल, तर पहिला स्पर्धक बसायच्या आत तुम्ही तिघा परीक्षकांनी ते ठरवून कागदावर घ्या. नंतर ठरवायला गेलं की ज्याच्या मनात जो गायक बसला असेल, त्याच्या सोयीची विभागणी सुचायला लागते.

सभागृहात तासभर आधी पोच. ध्वनियंत्रणेवाल्याला इको पूर्ण बंद करायला सांग. इकोमध्ये तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात आणि ढिसाळ तानही गोल वाटते. परीक्षकांचं टेबल स्पीकरच्या तोंडाशी असेल तर हलवून घे, तिथे तबला गळ्यावर चढतो. मुलं बहुतेक काळी एक-दोनमध्ये गातात (पेटीची पहिली-दुसरी काळी पट्टी हा त्यांचा सा), मुली काळी चार-पाचमध्ये. एकाच तबल्यावर हातोडी मारून काळी एकवरून काळी पाच गाठता येत नाही, पुडी (तबल्यावरचं चामडं) फाटते. दोन पट्ट्यांचे तबले आणि तानपुरे पडद्यामागे लावून तयार असतील एवढं संयोजकांकडून करून घे, नाहीतर ती ५ मिनिटं जुळवाजुळवीतच जातात आणि पोर घाबरून गायला बसतं. आणखी एक बघ. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने तानपुऱ्याच्या तारा उतरतात आणि तबल्याची पुडी सुकून चढते. दोन्ही एकमेकांपासून लांब जातात. एखादा गायक मधेच बेसूर वाटला, तर त्याच्या नावापुढे काही लिहिण्याआधी हे दोन्ही तपासून घे.

स्वर तानपुऱ्याशी ताडून बघ, पेटीशी नको. खर्जाच्या (खालच्या सा च्या) तारेतून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा गंधार ऐकू येतो, त्याच्याहून पेटीचा शुद्ध गंधार साधारण १४ सेंट वर असतो (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर). यमनमध्ये तानपुऱ्याला धरून गंधार लावणारी मुलगी पेटीच्या मानाने किंचित उतरलेली वाटते, आणि खरं तर तीच सुरात असते. दरबारीच्या आंदोलित (हलकेच झुलणाऱ्या) गंधाराचंही तसंच, तो पेटीवर सापडणारच नाही. पेटीवाला प्रत्येक स्वर गायकाच्या आधी वाजवत असेल तर तेही टिपून ठेव. त्या गळ्याची परीक्षा अजून झालेलीच नसते.

लयीसाठी साधं घड्याळ पुरतं. विलंबित (संथ) एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या तालात, मात्रा ४ सेकंदांची धरली तर आवर्तन (तालाचा एक फेरा) ४८ सेकंदांचं होतं. १५ मिनिटांत बडा ख्याल (संथ लयीतला भाग) ९ मिनिटांचा ठेवला तर जेमतेम ११ आवर्तनं मिळतात. पहिलं आवर्तन मोज आणि सहावं मोज. ४८चं ४० झालं असेल तर लय पळाली आहे. पण कोणी पळवली तेही ऐक. बऱ्याच वेळा भरावाच्या (तालातल्या मोकळ्या जागा बोलांनी भरायच्या) हौसेपायी तबलजी पुढे सरकतो आणि गाणारं पोर त्याच्यामागे फरपटतं. लय वाढलेली असूनही समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) बिनचूक येणाऱ्या गायकाचे गुण तबलजीसाठी कापू नकोस. सम हुकली आणि पुढच्याच आवर्तनात सावरली, तर थोडे कमी कर. हुकल्याचं त्याला कळलंच नाही, तर जास्त.

रागाच्या निवडीत मुलं हमखास एक चूक करतात, अनवट (क्वचित गायले जाणारे) राग घेतात. १५ मिनिटांत जोडरागाची (दोन राग मिळून झालेल्या रागाची) दोन्ही अंगं दाखवायची तर मूळ दोन्ही राग पक्के हवेत. ते नसले की निम्मा वेळ नुसत्या आरोह-अवरोहावर जातो. भूप घेणाऱ्याने धैवतावर फार मुक्काम केला की देशकार डोकावतो. पूरियात मंद्रसप्तक सोडून सगळं तारसप्तकात नेलं की सोहनी होते. असं झालं तर ‘रागशुद्धी नाही’ एवढंच लिहून थांबू नकोस, कुठल्या मिनिटाला कुठल्या स्वरावर राग सुटला ते लिही. समयाचे गुण मात्र अजिबात कापू नकोस. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. महिनोन् महिने यमन घोटलेल्या मुलाला सकाळी दहाची वेळ आली, हा त्याचा दोष नाही.

घराण्याच्या बाबतीत स्वतःवर कडक नजर ठेव. विभास कोणी कोमल धैवताचा गातं, कोणी शुद्ध धैवताचा. ललतच्या धैवताचंही असंच आहे. तुला शिकवलेलं रूप समोर आलं नाही म्हणून ते चूक ठरत नाही; पहिल्या आलापात जे रूप मांडलं तेच शेवटपर्यंत राखलं का, एवढं बघ. किराणा घराण्याच्या अंगाने सावकाश बढत (रागाचा क्रमाने विस्तार) करणारा अंतऱ्यापर्यंत पोचला नाही आणि आग्रा घराण्याच्या अंगाचा बोलबनावात (बंदिशीचे शब्द खेळवण्यात) रमला, तर दोघांची मोजपट्टी एक ठेवू नकोस.  

आता आकड्यांकडे येते, कारण निकाल बिघडतात ते बहुधा इथेच. समज, एका गायकाला तिघांनी ७२, ७४ आणि ५८ दिले. दुसऱ्याला ७०, ७१ आणि ७६. दोन परीक्षकांनी पहिल्याला वर ठेवलं आहे. तरी बेरीज २०४ विरुद्ध २१७ येते आणि दुसरा जिंकतो, कारण तिसऱ्याने मोठ्या फरकाने गुण दिले. यात लबाडी असतेच असं नाही. कोणाचा हात ६५ ते ७५मध्ये फिरतो, कोणाचा ४० ते ९०मध्ये. म्हणून गुण किती ते किती द्यायचे, उदाहरणार्थ ५० ते ८५, हे आधी ठरवा. एवढं करूनही बेरजेचा क्रम आणि प्रत्येकाने लावलेला क्रम जुळले नाहीत, तर सही करण्यापूर्वी तिघांनी एकत्र बसून त्या दोन गायकांबद्दल बोला.

पहिल्या गायकाला ८० देऊन बसू नकोस, वर जागा उरत नाही. पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलीने लिही, चौथ्यानंतर पक्के कर. वीस स्पर्धक असले तर प्रत्येकी २० मिनिटांप्रमाणे ४०० मिनिटं होतात, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. इतका वेळ कान ताजा राहत नाही. दर पाच जणांनंतर विश्रांती माग, आणि चहाच्या वेळी गुणांबद्दल बोलू नकोस, दुसऱ्याचं मत नकळत आपल्या कागदावर उतरतं. तुझ्याकडे किंवा तुझ्या गुरूंकडे शिकणारं कोणी यादीत दिसलं, तर संयोजकांना लेखी कळव आणि त्या स्पर्धकाचे गुण देऊ नकोस.

निकालानंतर मुलं भोवती जमतील. प्रत्येकाशी बोल, पण एका वेळी एकच दोष सांग आणि तो घालवायचा रियाजही सांग. ‘श्वास कमी पडतो’ याने काही होत नाही. ‘मंद्र पंचमावर आकार धर, तानपुरा ऐकत, स्वर हलू न देता जितका वेळ टिकेल तितकाच’ याने होतं. त्यांच्या गुरूबद्दल एक शब्दही काढू नकोस.

कार्यशाळेत नवा राग शिकवू नकोस. दीड तासात तो कोणाच्याच गळ्यात बसत नाही. आदल्या दिवशी बहुतेकांचं जे अडलं ते घे, आणि ते विलंबितात मुखडा (बंदिशीचा समेवर आणणारा तुकडा) पकडणं असणार. आलाप दहाव्या मात्रेपर्यंत लांबतो आणि मग मुखडा घाईत कोंबला जातो. मुलं मनात आकडे मोजतात, ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) ऐकत नाहीत. एकतालात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला, तिथे सगळे फसतात. आधीचे बोल ऐकायला शिकव: चौथीच्या आधी ‘धिं धिं धागे’, दहावीच्या आधी ‘कत् ता धागे’. ‘कत्’ कानावर पडला की सातवी मात्रा आली, आता आलाप आवरायचा. आधी चार आवर्तनं सगळ्यांकडून हातावर ताल धरून नुसता ठेका म्हणून घे, मग बंदिशीचे शब्द ठेक्यावर बोलून घे, स्वर सगळ्यांत शेवटी. मुला-मुलींना एकाच पट्टीत गायला लावलंस तर निम्मे गळे ताणतील, म्हणून बोलण्याचा भाग एकत्र घे आणि गाण्याच्या वेळी तानपुरा बदलून आळीपाळीने गाऊन घे. तबलजी त्या दिवशीही लागेल हे संयोजकांना आजच कळव. बहुतेक ठिकाणी कार्यशाळेला तबलजी सांगितलेलाच नसतो आणि मोबाइलवरच्या ठेक्यावर हे शिकवता येत नाही, कारण मूल चुकलं तर तो थांबत नाही.

तुझी,
आई