संध्याकाळच्या व्यायामाला सोबत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

स्किझोफ्रेनिया आणि त्यासारख्या गंभीर मानसिक आजारांतून सावरणारे शुभार्थी आणि त्यांना सांभाळणारे शुभंकर, असा आमचा पुण्यातला छोटा स्वमदत गट आहे. दर महिन्याला भेटायचं, बोलून मन हलकं करायचं, एवढंच आधी चालायचं. दीड वर्षापूर्वी त्यातूनच व्यायामाचा वर्ग सुरू झाला. तो बंद पडू नये म्हणून हे आवाहन.

मी गटाची सचिव, पण त्याआधी एका शुभार्थीची बहीण. गोळ्या सुरू झाल्यावर माझ्या भावाला ऐकू येणारे भासाचे आवाज हळूहळू विरले, रात्रभराच्या येरझाऱ्या थांबल्या. घरातल्या सगळ्यांनाच वाटलं, सुटलो. मग त्याच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडावं लागलं. थोड्या महिन्यांनी आणखी एक. मग पट्टाच नवा आणला. ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या औषधांनी भूक वाढते, वजन वाढतं, रक्तातली साखर चढू शकते. त्यात या आजारात उठावंसंच वाटत नाही, कुणात मिसळावंसं वाटत नाही. नातेवाईक म्हणतात, "बसून खातोय नुसता." हाही आजाराचाच भाग आहे, हे आम्हाला घरात कळायलाही दोन वर्षं लागली.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यातले बरेचसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह अशा शरीराच्या दुखण्यांनी होतात. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे.

म्हणून व्यायाम. स्किझोफ्रेनियातल्या व्यायामावरच्या अनेक अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. आठवड्याला सुमारे ९० मिनिटं दम लागेल असा व्यायाम झाला तर आजाराची लक्षणंही कमी होतात, असं त्यात दिसलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत औषधांच्या जोडीला योगासनं दिल्यावर रुग्णांना फायदा झाल्याचं आढळलं आहे. 'औषधांच्या जोडीला' हे शब्द कृपया नीट वाचा. आमच्या वर्गात कुणाच्याही गोळ्या बंद होत नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही नवीन माणूस घेतही नाही.

सुरुवातीला आम्ही चुकलो. सकाळी ६ ची वेळ ठेवली, तर दोघंच आले, तेही पेंगत. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी उतरलेली नसते, हे घरात रोज दिसत असूनही आमच्या लक्षात आलं नव्हतं. वेळ संध्याकाळी ५ ची केली. पहिल्या प्रशिक्षकांनी शाळेतल्यासारखी जोरात शिट्टी फुंकली, तसा एक जण दोन्ही कानांवर हात ठेवून मैदानाबाहेर निघून गेला आणि महिनाभर फिरकला नाही. आता शिट्टी नाही. आकडे तोंडाने म्हणतो, ठेका टाळीवर धरतो. उन्हाळ्यात दर दहा मिनिटांनी पाणी, कारण या औषधांमुळे उकाडा सोसत नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, ४० मिनिटं. आधी हातपाय मोकळे करायचे, मग भरभर चालायच्या फेऱ्या, सूर्यनमस्कार आणि शेवटी लेझीम. लेझीम सगळ्यांच्या आवडीची. शेजाऱ्याचा हात कुठे आहे ते बघितल्याशिवाय ती जमतच नाही, आणि आमच्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं शेजारच्या माणसाकडे नीट पाहिलेलं नसतं. एक जण पहिले तीन आठवडे फाटकाशीच उभा राहायचा, चपला हातात धरून. कुणी आत ओढलं नाही. परवा त्यानेच दुसऱ्याला विचारलं, "बुधवारी येणार ना?" त्याची आई माझ्या शेजारी उभी होती. ती बराच वेळ काही बोलली नाही.

घरी एकट्याने हेच करायला सांगून आम्ही पाहिलं आहे. चार दिवस होतं. गटात मात्र कुणीतरी वाट पाहत असतं.

सध्या २३ शुभार्थी येतात. आम्हाला हवंय ते असं. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी छप्पर असलेली जागा, ही सगळ्यात मोठी अडचण. गेल्या पावसाळ्यात वर्ग बंद राहिला आणि सात जण परतलेच नाहीत. आपल्या सोसायटीचं सभागृह, शाळेचा हॉल, मंडळाची शेड, काहीही चालेल. प्रशिक्षकांचं मानधन आतापर्यंत चार घरांनी मिळून उचललं, आता त्यांना झेपत नाही. साध्या बुटांचे १५ जोड हवेत, कारण काही जण अजून स्लीपरवरच पळतात. वजनकाटा, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि लांबून येणाऱ्यांचं बसभाडं. देणगी धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी, पावती मिळेल. मैदानावर रोख रक्कम आम्ही घेत नाही.

आणि पैशांहून जास्त माणसं हवीत. पुण्यात आजही कुणाला चिडवायचं तर "येरवड्याला पाठवा" म्हणतात, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. आमच्या मंडळींनी ते याच मैदानाच्या कट्ट्यावरून ऐकलं आहे. त्याच कट्ट्यावरचे चार जण आठवड्यातून एक संध्याकाळ फेरीत सोबत चालले तर किती फरक पडेल, हे मला शब्दांत सांगता येणार नाही. शिकवायचं काही नाही. आजाराबद्दल विचारू नका, क्रिकेटबद्दल बोला. कुणी गप्प चालत असेल तर आपणही गप्प चाला. नव्या सोबत्यांना आम्ही आधी एक दिवस बसवून सगळं समजावून सांगतो.

ज्यांच्या घरी असा आजार आहे पण अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनीही यावं. नाव सांगायची सक्ती नाही. लगेच बोलायची गरज वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आम्ही पावणेपाचपासून फाटकापाशी असतो.

आपली,
सचिव, शुभार्थी-शुभंकर स्वमदत गट