आमच्या इंटर्नशिपचा कागद कुठे आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात एमबीएच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. विषय मार्केटिंग. घर काटोलकडे, वडिलांची अडीच एकर संत्र्याची बाग आहे. नंदनवनात दोघी मैत्रिणी मिळून खोली करून राहतो. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा झाली की आम्हाला आठ आठवड्यांची समर इंटर्नशिप करावी लागते. तिचा प्रोजेक्ट रिपोर्ट तिसऱ्या सेमिस्टरला जमा होतो, त्यावर तोंडी परीक्षा होते आणि त्याशिवाय डिग्री मिळत नाही. कॅम्पस प्लेसमेंटच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात, हातात ऑफर लेटर घेतलेल्या मुलांचे फोटो येतात. त्यांच्याही आधीच्या या आठ आठवड्यांत काय होतं, ते कुठे छापून आलेलं मी वाचलं नाही. म्हणून लिहिते आहे.

साबण, बिस्किटं, वॉशिंग पावडर विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीत माझी निवड झाली होती. घरी बाबांनी पेढे वाटले. कॉलेजच्या बोर्डवर विषय लागला होता, 'दक्षिण नागपुरातील किरकोळ दुकानांचे सर्वेक्षण'. पहिल्या दिवशी मला एका डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनवर बोलावलं, मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं आणि दुकानांची यादी दिली. सक्करदरा, मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी असे भाग. स्टायपेंड नव्हता, ते आधी माहीत होतं. पेट्रोलचं मात्र "बघू" म्हणाले होते. आठ आठवड्यांत स्कूटीला ४,३०० रुपयांचं पेट्रोल लागलं, हिशेब वहीत आहे. ते "बघू" शेवटपर्यंत "बघू"च राहिलं.

पहिले तीन आठवडे मी खरोखर शिकले आणि ते आधी सांगायला हवं. ते मला एमबीए झालेल्या कोणी शिकवलं नाही. डिस्ट्रिब्युटरकडे एकोणीस वर्षांपासून सेल्समन असलेले एक काका आहेत, त्यांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ताई, दुकानदाराले आधी ऑर्डर विचारू नका. खराब माल काही आहे का, ते विचारा. तो डबा काढू द्या त्याले, मंग बोला." प्रत्येक दुकानात असा एक डबा किंवा खोकं असतं. तारीख उलटलेली बिस्किटं, उंदरानं कुरतडलेले पुडे, फुटलेली शाम्पूची पाऊचं. दुकानदार हा माल सेल्समनकडे देतो, डिस्ट्रिब्युटर कंपनीकडे क्लेम टाकतो, आणि क्लेम पास होऊन पैसे वळते व्हायला महिनोन् महिने जातात. डिस्ट्रिब्युटरचे पैसे अडकले की तो माल उचलायला टाळाटाळ करतो, मग दुकानदार नवीन माल घ्यायला नाही म्हणतो. आमच्या पुस्तकात चॅनल कॉन्फ्लिक्टवर, म्हणजे कंपनी, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार यांच्यातल्या ओढाताणीवर, एक पूर्ण धडा आहे. मला तो दिघोरीच्या एका दुकानात, त्या खोक्यासमोर उभं राहून कळला.

दुसरी गोष्ट मी स्वतः शोधली आणि तिचा मला आजही अभिमान आहे. मी ४१२ दुकानं पाहिली. त्यातली १३७ ॲपमध्ये लाल रंगात होती, म्हणजे कंपनीच्या हिशेबी ती माल घेत नव्हती. पण त्यातल्या ९१ दुकानांच्या फळीवर कंपनीचाच साबण आणि बिस्किटं होती. कुठून आणता, असं विचारलं की एकच उत्तर यायचं : इतवारीतून. इतवारीच्या होलसेलवाल्याला महिनाअखेरीस टार्गेट भरण्यासाठी ढिगानं माल दिला जातो, त्यावरची स्कीम, म्हणजे कंपनीची सूट, तो थोडी स्वतःकडे ठेवतो, थोडी पुढे सोडतो, म्हणून त्याच्याकडे माल दोन पैसे स्वस्त पडतो. शिवाय तिथे एका फेरीत डाळ, तेल, साबण सगळं मिळतं, उधारी चालते, आणि अर्धा डझनही मिळतो. डिस्ट्रिब्युटरची गाडी पूर्ण पेटीचा आग्रह धरते. म्हणजे दुकान तुटलेलं नव्हतं. ते दुसऱ्या वाटेनं कंपनीचाच माल घेत होतं आणि कंपनीला ते दिसत नव्हतं. मी रात्री जागून तेवीस पानं लिहिली, दुकानागणिक तक्ता केला आणि एरिया मॅनेजर साहेबांना पाठवला. त्यांनी तो उघडलाही नाही. आठ आठवड्यांत ते मला तीनदा भेटले, तिन्ही वेळा टार्गेटबद्दल बोलले.

कारण चौथ्या आठवड्यापासून सर्वेक्षण संपलं होतं आणि रोज दहा नवीन दुकानांची बिलं काढायचं काम सुरू झालं होतं. कोणी सांगितलं नाही की तुझं काम बदललं. एका सकाळी ग्रुपवर यादी आली, आम्हा सहा इंटर्नच्या नावापुढे आकडे होते, इतकंच. ॲपमध्ये दुपारी एक आणि चार वाजता दुकानासमोरचा फोटो लोकेशनसह टाकावा लागायचा. तो मे महिना होता. नागपूरचा मे मी आपल्या वाचकांना सांगायला नको. महापालिका उन्हाळ्यात दरवर्षी सांगते की दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, आणि आम्हाला नेमकं त्याच वेळी बाहेर असल्याचा पुरावा द्यायचा होता. डोक्याला दुपट्टा, खिशात आईनं दिलेला कांदा, बाटलीत साखर-मीठ. तरी मानेवाड्याला एका दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. दुकान एका मावशींचं होतं. त्यांनी हात धरून आत घेतलं, पंखा लावला आणि म्हणाल्या, "बेटा, एवढ्या उनात काऊन फिरून राह्यली? बस आधी." पन्हं दिलं. मी तिथे पाऊण तास बसले. एक वाजताचा फोटो चुकला, संध्याकाळी ग्रुपवर माझं नाव गैरहजर म्हणून आलं.

उन्हात फिरावं लागलं ही माझी तक्रार नाही. बाजार पायाखाली घातल्याशिवाय मार्केटिंग येत नाही, हे मला पटलं आहे, आणि माझ्या बाबांनी यापेक्षा जास्त ऊन अंगावर काढलं आहे. माझं म्हणणं असं की मी तिथे कोण होते, हे कोणालाच ठरवायचं नव्हतं. नोकर म्हणावं तर पगार नाही, विम्याचा कागद नाही. विद्यार्थिनी म्हणावं तर शिकवणारं कोणी नाही, आणि मी जे शिकले ते ऐकायला कोणाला वेळ नाही.

शेवटच्या आठवड्यात सांगण्यात आलं की टार्गेट पूर्ण नसेल तर सर्टिफिकेट थांबेल. सर्टिफिकेट थांबलं की रिपोर्ट थांबतो, सेमिस्टर अडतं. तेव्हा मी एक काम केलं, त्याची मला लाज वाटते. दिघोरीला माझ्या मावशीचं छोटं दुकान आहे, तिच्या नावावर मी १,८०० रुपयांचं बिल फाडलं. तिला तेवढ्या साबणाची गरज नव्हती. माझ्यासाठी तिनं घेतला, पैसे रोख दिले. परवा गेले होते तिच्याकडे, त्यातला बराचसा साबण वरच्या फळीवर तसाच आहे. आमच्या सहाही जणांनी शेवटी असंच काहीतरी केलं. एकानं तर स्वतःच्या खिशातून माल घेतला आणि हॉस्टेलवर वाटला.

कॉलेजमधल्या माझ्या गाइड सरांना मी दोष देणार नाही. त्यांच्याकडे बावीस विद्यार्थी होते. कंपनीत येऊन बघणं त्यांना जमलं नाही, तीनदा फोन मात्र केला. माझी तेवीस पानं त्यांनी वाचली, चांगली आहेत म्हणाले, आणि मग थोडं थांबून म्हणाले की रिपोर्टमध्ये हे घालू नकोस, कंपनी पुढच्या वर्षी मुलं घेणार नाही. रिपोर्टमध्ये आता कंपनीचा इतिहास आहे, उत्पादनांची यादी आहे, आणि रंगीत पाय चार्ट आहेत.

आता माझ्या धाकट्या भावाचं सांगते, म्हणजे माझा मुद्दा नीट कळेल. तो आयटीआय फिटर. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे त्याचा कारखान्याशी लेखी करार झाला, तो सरकारी पोर्टलवर नोंदला गेला. किती दिवस, कोणता ट्रेड, दर महिन्याचं विद्यावेतन किती, सगळं त्यावर आहे. कामाचे तास आणि सुट्टी यांचेही नियम त्याच कायद्यात आहेत. त्याचे पैसे बँकेत जमा होतात. बारावीनंतर आयटीआयला गेला म्हणून नातेवाइकांनी त्याला नावं ठेवली आणि माझं कौतुक केलं. पण त्या मे महिन्यात घरात कागद त्याच्याकडे होता, माझ्याकडे फक्त एक ईमेल होता, "वी आर हॅपी टू ऑनबोर्ड यू" असा.

सरकारच्या दोन्ही मोठ्या योजनांत मी बसते का, तेही पाहिलं. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, पण शिक्षण चालू असलेल्या उमेदवाराला ती लागू नव्हती. केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, तेव्हा महिना ५,००० रुपये, देशातल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्या. तीही सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. त्या योजना शिक्षण संपलेल्या तरुणांसाठी आखल्या होत्या, त्यांना त्या मिळाल्याच पाहिजेत, त्याबद्दल माझी हरकत नाही. पण अभ्यासक्रमानंच ज्यांना कंपनीच्या दारात पाठवलं, त्या आम्हा मुलांचा विचार मग कोणी करायचा?

विद्यापीठानं आणि कॉलेजांनी मिळून एक पानाचा करारनामा सक्तीचा करावा, एवढीच माझी मागणी आहे. काम काय, कंपनीतला शिकवणारा माणूस कोण, दिवसाचे तास किती, उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम असेल का, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, हे त्यावर लिहिलेलं असावं. तिघांच्या सह्या असाव्यात, कंपनीची, कॉलेजची आणि विद्यार्थ्याची. विक्रीचं टार्गेट आणि सर्टिफिकेट यांचा एकमेकांशी संबंध नसावा, हे त्यात ठळक अक्षरात यावं. विक्री करून घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी, आम्ही करू, पण मग सेल्समनला देता तसा त्याचा मोबदला द्यावा. स्टायपेंड देणं छोट्या फर्मला शक्य नसेल, मला ते समजतं. पेट्रोलचे पैसे न देऊ शकणारी कंपनी मात्र मी त्या आठ आठवड्यांत पाहिली नाही.

आणि गाइडनं एकदा तरी प्रत्यक्ष यावं. सर जर एकदा माझ्याबरोबर दिघोरीच्या त्या दुकानात उभे राहिले असते, तर ती तेवीस पानं रिपोर्टमधून काढायला त्यांनीच सांगितलं नसतं, असा मला विश्वास आहे.

पहिल्या सेमिस्टरची मुलं आता आम्हाला विचारायला लागली आहेत, कोणती कंपनी घेऊ. बोर्डवर यंदाही त्या कंपनीचं नाव आहे, विषयही तोच, सर्वेक्षणाचा. मी त्यांना सगळं सांगितलं. दोघी म्हणाल्या, ताई, पण नाव मोठं आहे ना, सीव्हीवर चांगलं दिसेल. मीही गेल्या वर्षी हेच म्हणाले होते.

माझं नाव आपल्याकडे कळवलं आहे, पण कृपया छापू नये. तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे.

आपली विश्वासू,
एमबीएची एक विद्यार्थिनी,
नंदनवन, नागपूर