सूचना : गेटवरची केबिन आणि गच्चीवरचं वायफाय

सर्व सभासदांना नमस्कार,

सोसायटी ऑफिसातलं वायफाय वॉचमनच्या केबिनपर्यंत पोचत नाही, ही तक्रार रास्त आहे. मध्ये आरसीसी भिंत आणि केबिनला चहूबाजूंनी पत्रा. सिग्नल तिथेच अडतो. रिपीटरही लावून पाहिला, पण त्यालाच सिग्नल धड मिळेना, तर तो पुढे काय देणार!

म्हणून येत्या रविवारी सकाळी १० वाजता ऑफिसातून केबिन आणि गच्चीपर्यंत कॅट ६ केबल (इंटरनेटची नेटवर्क केबल) टाकत आहोत. ती १०० मीटरपर्यंत चालते, आपलं अंतर त्याच्या आत आहे. अ‍ॅक्सेस पॉइंटला (केबलच्या टोकाला वायफाय देणारा डबा) वीजही त्याच केबलमधून मिळेल. केबल बाहेर वापरायची, काळ्या जाड आवरणाची घेतली आहे. आतली साधी केबल उन्हाने तडकते. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोल ठेवायचा आहे, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकेल, आत जाणार नाही. (मागच्या पावसाळ्यात इंटरकॉमचं काय झालं, आठवतंय ना?)

ए विंगच्या जिन्यातल्या कुंड्या आणि चपलांचे रॅक शनिवारी रात्रीच आत घ्यावेत. डक्टसमोरची सायकल ज्यांची असेल त्यांनी कृपया हलवावी, तिसऱ्यांदा सांगतोय.

– सचिव